मोगलीचे अरण्य : वैनगंगेपासून मारतहळ्ळीपर्यंत

बेंगळुरूच्या पूर्वेस मारतहळ्ळी नावाची जी वस्ती आहे, तिचे नाव इंग्रजी पाटीवर वाचणाऱ्या मराठी माणसाचा हटकून गैरसमज होतो. इंग्रजी अक्षरांत ते 'मराठाहळ्ळी' असेच दिसते. आणि शहाजीराजांच्या बेंगळुरूच्या जहागिरीची आठवण ज्यांच्या मनात घर करून बसली आहे, त्यांच्या डोळ्यांपुढे लगेच शिलेदारांची एखादी वाडी उभी राहते. कन्नड उच्चार मात्र मारतहळ्ळी असाच आहे. लोक व्युत्पत्ती सांगतात तीही निराळीच. शेजारच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात कुर्ट टांक या जर्मन अभियंत्याच्या देखरेखीखाली 'मारुत' नावाचे जे लढाऊ विमान तयार झाले व १७ जून १९६१ रोजी प्रथम आकाशात उडाले, त्याचे नाव या खेड्याला चिकटले, असे कित्येक सांगतात; कोणी गावच्या मारुतीकडे बोट दाखवितात. काही झाले तरी हे नाव वाऱ्याच्या घराण्यातले, मराठ्यांच्या नव्हे.

नावाचा हा प्रपंच एवढ्याचसाठी, की जे डोळ्यांना दिसते ते तसे असतेच असे नाही, याचा याहून मोठा दाखला याच परिसराशी निगडित आहे. मारतहळ्ळी, कुंदलहळ्ळी, व्हाइटफील्ड या पट्ट्यात आज लाखो लोक संगणकावर काम करून पोट भरतात, हे सर्वश्रुत आहे. पण या संगणकवाल्यांच्या गर्दीत एक लहानसा निराळा वर्ग गेल्या पंधरा-वीस वर्षांत मिसळून गेला. तो हिशेब करीत नाही, चित्रे करतो. वाघाच्या अंगावरील केस, पाण्यावरील तरंग, पानांतून झिरपणारे ऊन ही त्याची सामग्री. २०१६ साली वॉल्ट डिस्ने कंपनीने 'जंगल बुक' या आपल्या १९६७ च्या विख्यात व्यंगचित्रपटाची नवी आवृत्ती काढली. तिच्यातील प्राणी आणि अरण्य यांचा मोठा भाग एमपीसी या ब्रिटिश कार्यशाळेने तयार केला, आणि त्या कामात लंडनच्या जोडीने बेंगळुरूच्या शाखेचाही हात होता. या आवृत्तीला जगभर 'लाइव्ह ॲक्शन', म्हणजे जित्याजागत्या माणसांचा व प्राण्यांचा चित्रपट, असे म्हटले गेले. हे नाव इतिहासाला धरून नाही, असे आमचे मत आहे. आणि ते तसे का नाही हे पाहू लागले, की मोगलीच्या कथेचा सव्वाशे वर्षांचा प्रवास पुन्हा एकदा मुळापासून पाहावा लागतो.

मुळात ही कथा आपल्या वैनगंगेच्या काठची. किपलिंगने सिवनीच्या टेकड्या निवडल्या. सिवनी तेव्हा मध्यप्रांतात होती आणि मध्यप्रांताची राजधानी नागपूर होती. सिवनी जिल्ह्यात उगम पावणारी वैनगंगा पुढे भंडाऱ्यावरून खाली उतरते, चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यातून वाहते आणि वर्धेला भेटून प्राणहिता होते. ज्या पात्रात शेरखान पाणी प्यायला, तेच पाणी पुढे झाडीपट्टीतील धानाच्या बांध्यांना मिळते. तेव्हा मोगली हा अर्धा वैदर्भीय आहे, असे कोणी म्हटल्यास आम्ही हरकत घेणार नाही. गंमत अशी, की किपलिंगने हे अरण्य स्वतः पाहिलेले नव्हते. त्याचा जन्म मुंबईचा, ३० डिसेंबर १८६५ चा; वडील लॉकवुड किपलिंग तेथील जे. जे. कलाशाळेत शिक्षक होते. मुलगा इंग्रजीआधी नोकरचाकरांची हिंदुस्थानी बोलायला शिकला आणि सहाव्या वर्षी विलायतेस गेला. पुढे पत्रकार म्हणून तो लाहोर-अलाहाबादेस राहिला, परंतु 'जंगल बुक' लिहिले ते अमेरिकेतील व्हरमॉन्टच्या बर्फात. १८९४ मध्ये पहिला भाग, १८९५ मध्ये दुसरा. सिवनीचे वर्णन त्याने घेतले ते बहुतांशी स्टर्नडेल नावाच्या अधिकाऱ्याच्या १८७७ च्या शिकारी पुस्तकावरून. लांडग्यांनी वाढविलेल्या मुलांच्या हकिकती कर्नल स्लीमनने पूर्वीच नोंदविलेल्या होत्या. प्राण्यांविषयीची कितीतरी माहिती घरच्याच पुस्तकातून, वडिलांनी लिहिलेल्या ग्रंथातून आली. 'मोगली' म्हणजे बेडूक, हा अर्थही त्याने स्वतःच रचला. कोणत्याही भारतीय भाषेत तो शब्द नाही.

म्हणजे हे अरण्य पहिल्यापासून कागदी आहे. त्याचे पुढे जितके अवतार झाले, त्यांतील बहुतेकांनी ते दूरदेशी बसून नव्याने उभारले. या गोष्टीला दूषण देण्याचे कारण नाही. वाल्मीकीच्या दंडकारण्यातील झाडे कोणी मोजीत बसत नाही. पण 'मूळ' आणि 'नक्कल', 'खरे' आणि 'चितारलेले' हे शब्द वापरताना ही गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी.

व्यंगचित्रपट आधी आणि सजीव चित्रपट नंतर, हा क्रमही मोगलीच्या बाबतीत चुकीचा आहे. पडद्यावरचा पहिला मोठा मोगली हाडामांसाचा होता आणि तो आपल्या याच कर्नाटकातला होता. म्हैसूर संस्थानात काबिनीकाठच्या करापूर येथे महाराजांच्या हत्तीखान्यातील एका माहुताच्या घरी १९२४ साली साबू जन्मला. किपलिंगच्या याच पुस्तकातील माहुताच्या पोराच्या गोष्टीवर चित्रपट काढण्यासाठी रॉबर्ट फ्लाहर्टी म्हैसुरास आला, तेव्हा हा पोरका मुलगा त्याच्या मंडळींच्या दृष्टीस पडला. 'एलिफंट बॉय' १९३७ मध्ये पडद्यावर आला, साबू विलायतेस गेला, तेथून अमेरिकेस. आणि १९४२ मध्ये कोर्डा बंधूंच्या 'जंगल बुक'मध्ये तो मोगली झाला. हा चित्रपट कॅलिफोर्नियात, तेथे उभारलेल्या खोट्या अरण्यात काढला गेला. वाघ, लांडगे, हत्ती खरे. साप मात्र यांत्रिक. काबिनीच्या खऱ्या रानात वाढलेल्या मुलाला कॅलिफोर्नियातील प्लॅस्टरच्या रानात धावताना काय वाटले असेल, हा प्रश्न त्या काळी कोणी त्याला विचारलेला दिसत नाही. पुढे तो अमेरिकेचा नागरिक झाला, महायुद्धात बाँबफेकी विमानाच्या शेपटाकडील तोफेवर बसला, शौर्यपदक मिळविले, आणि २ डिसेंबर १९६३ रोजी, वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी वारला. चार वर्षांनी डिस्नेचा मोगली आला, तो रेषांचा होता.

त्या १९६७ च्या चित्रपटाविषयी मराठी वाचकांना फार सांगण्याची आवश्यकता नाही. तीन पिढ्यांनी तो पाहिला आहे. वॉल्ट डिस्नेच्या देखरेखीखालचा हा शेवटचा व्यंगचित्रपट. तो पुरा होण्याआधीच, १५ डिसेंबर १९६६ रोजी, डिस्नेचे निधन झाले. किपलिंगचा 'अरण्याचा कायदा' त्याने बाजूला सारला आणि गाणारे अस्वल, नाचणारा वानरराजा आणला. ओरांगउटान हा प्राणी हिंदुस्थानात नाही आणि किपलिंगच्या वानरांना राजाच नाही. नेमकी तीच त्यांची गोष्ट आहे, की त्यांच्यात कोणी कोणाचे ऐकत नाही. तरीही चित्रपट गोड आहे हे मान्य केले पाहिजे. आम्हांस त्यातील दुसरीच एक गोष्ट महत्त्वाची वाटते. शेरखानाची ती तुच्छतेने झुकलेली हनुवटी मिल्ट काल या कलावंताने काढली. बलू आणि मोगली यांचे स्नेहाचे प्रसंग ऑली जॉन्स्टन व फ्रँक थॉमस यांच्या हातचे आहेत. ही नावे ग्रंथांतून नोंदलेली आहेत. मूळ रेखाटने जपून ठेवलेली आहेत. कोणता हात कोठे फिरला हे आज साठ वर्षांनीही सांगता येते.

व्यंगचित्रपटाचे काम किती कष्टाचे, हे प्रथम पाहणाऱ्यास उमगत नाही. एका सेकंदात पडद्यावरून चोवीस चित्रे सरकतात. अठ्ठ्याहत्तर मिनिटांच्या त्या चित्रपटात अशी लाखाहून अधिक चित्रे आहेत. एका चित्रामागून दुसरे चित्र, मध्ये केसभर फरक, आणि त्या फरकांच्या माळेतून जिवंतपणाचा भास: या कलेचे रहस्य एवढेच. हे रहस्य आपल्याकडे फार लवकर ओळखले गेले होते. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये कुंडीतील वाटाण्याच्या अंकुराची वाढ एकेक चित्र घेऊन टिपली, आणि १९१५ मध्ये 'आगकाड्यांची मौज' काढून निर्जीव काड्यांना नाचविले. हे फाळके १८८५ मध्ये ज्या जे. जे. कलाशाळेत शिकावयास गेले, तेथेच वीस वर्षांपूर्वी लॉकवुड किपलिंग शिकवावयास आला होता. पुढे प्रभात कंपनीने १९३४ मध्ये 'जंबूकाका' हा छोटा व्यंगचित्रपट काढला. कोल्होबाला आपल्या पडद्यावर तेव्हापासूनच मान आहे. १९५६ मध्ये क्लेअर वीक्स हा डिस्नेच्या 'बॅम्बी'वर काम केलेला चित्रकार अमेरिकन साहाय्य योजनेखाली मुंबईस फिल्म्स डिव्हिजनमध्ये आला आणि त्याने भारतीय तरुणांची एक तुकडी तयार केली. जातककथेवरील 'बनियन डियर' हे १९५७ चे त्या तुकडीचे पहिले फळ. दूरदर्शनवर गाजलेल्या 'एक अनेक और एकता' या १९७४ च्या लहानशा चित्रपटामागे आपल्या विजया मुळे होत्या, हे पुष्कळांस ठाऊक नसते. तेव्हा बेंगळुरूतील तरुण-तरुणी ही कला परक्यांकडून उसनी घेऊन बसली आहेत असे नव्हे. तिला घरची वंशावळ आहे.

वर १९१५ या सालाचा उल्लेख आला, तो पुन्हा लक्षात घेण्याजोगा आहे. फाळक्यांच्या आगकाड्या नाचल्या त्याच वर्षी अमेरिकेत मॅक्स फ्लायशर याने 'रोटोस्कोप' नावाचे यंत्र सिद्ध केले. खऱ्या माणसाचे चित्रण काचेवर पाडायचे आणि त्यावर कागद ठेवून एकेक चित्र गिरवायचे, म्हणजे रेषांच्या माणसाला खऱ्या माणसाची चाल मिळते, अशी ती युक्ती. आणि त्याच वर्षी अमेरिकेत टेक्निकलर ही कंपनी स्थापन झाली. या तीन गोष्टींचा एकमेकींशी त्या वेळी काही संबंध नव्हता. एका शतकाने तो बेंगळुरूत जुळून आला.

तो असा. २०१६ च्या चित्रपटासाठी दिग्दर्शक जॉन फॅव्हरो याने लॉस एंजेलिस येथील बंदिस्त जागेत, निळ्या पडद्यांपुढे, नील सेठी या न्यूयॉर्कच्या भारतीय वंशाच्या मुलाचे चित्रण केले. झाडे नाहीत, नदी नाही, वाघ नाही. मुलाला कोणाशी तरी बोलता यावे म्हणून कळसूत्री बाहुल्या पुढे धरलेल्या. पुढचे सारे काम संगणकावर. मुलाची आकृती निळ्या पार्श्वभूमीतून बाजूला काढायची तर तिची कडा एकेका चित्रात गिरवावी लागते. या कामाला आजही 'रोटो' असेच म्हणतात. फ्लायशरने माणसाला गिरवून चित्र केले; शंभर वर्षांनी त्याच नावाच्या कामात माणसाला गिरवून चित्राच्या रानात सोडले जाते. युक्ती तीच, प्रवाह उलटा. मग तारा, दोऱ्या, बाहुल्या पुसून काढणे, कॅमेऱ्याची हालचाल गणिताने पुन्हा बांधणे, त्वचेखाली स्नायू आणि त्वचेवर केस बसविणे, प्रकाश पाडणे, आणि शेवटी शेकडो थर एकावर एक असे लावणे, की सांधा दिसू नये. एकशे सहा मिनिटांच्या त्या चित्रपटात दीड लाखाहून अधिक चित्रे आहेत. त्यांतील मुलगा आणि त्याच्या पायाखालची थोडीशी जागा सोडली, तर उरलेले सारे चितारलेले आहे. याला सजीव चित्रपट म्हणावे तर १९६७ च्या चित्रपटाने काय पाप केले? खरे तर हा इतिहासातील सर्वांत मोठ्या व्यंगचित्रपटांपैकी एक होय; त्यात केवळ एक मुलगा खरा आहे. फॅव्हरोनेच २०१९ मध्ये 'लायन किंग'ची नवी आवृत्ती काढली, तिच्यात तर खरे दृश्य एकच होते, आरंभीच्या सूर्योदयाचे. तीही 'लाइव्ह ॲक्शन' म्हणूनच विकली गेली.

एक गोष्ट मात्र या नव्या आवृत्तीच्या बाजूने सांगितली पाहिजे. रानाचे नमुने मिळविण्यासाठी एमपीसीच्या बेंगळुरू शाखेतील मंडळींनी भारतातील अरण्यांत हिंडून हजारो छायाचित्रे घेतली: साली, मुळ्या, वेली, खडक, चिखल. किपलिंगने सिवनी पुस्तकातून घेतली, कोर्डाने ती कॅलिफोर्नियात उभारली, डिस्नेच्या चित्रकारांनी ती कल्पनेने रंगविली. मोगलीच्या अरण्यात हिंदुस्थानातील झाडाची खरीखुरी साल दिसली ती या 'खोट्या' चित्रपटात, आणि ती तेथवर नेली बेंगळुरूच्या माणसांनी. वानरराजाची अडचणही चतुराईने सोडविली. ओरांगउटानऐवजी नामशेष झालेला महाकाय वानर घेतला. त्याच्या जातकुळीचे अवशेष हिमालयाच्या पायथ्याशी सापडलेले आहेत. कथेचे मात्र तितके जमले नाही. किपलिंगचा कायदा आणि डिस्नेची गाणी एकाच ताटात वाढल्याने दोन्हींची चव थोडी बिघडली आहे. शेवटी मोगली अरण्यातच राहतो, हे तर मूळ कथेच्या व्यथेलाच बगल देणे झाले. किपलिंगचा मोगली दोन्हीकडचा असतो म्हणूनच कुठलाच राहत नाही. परमुलखात दोन पिढ्या काढलेल्या आमच्यासारख्यांस ते समजावून सांगावे लागत नाही.

हा चित्रपट भारतात अमेरिकेच्या आठवडाभर आधी, ८ एप्रिल २०१६ रोजी लागला आणि तुफान चालला. परीक्षण मंडळाने मुलांच्या या चित्रपटाला 'यूए' प्रमाणपत्र दिले, कारण प्राणी अंगावर झेप घेतात तेव्हा मुले भितील. पुष्कळांनी या निर्णयाची थट्टा केली. आम्हांस तो त्या कारागिरांना मिळालेला नकळत दाखलाच वाटतो. चितारलेल्या वाघाला सरकारने खरा वाघ मानले, याहून मोठी पावती कोणती? मारतहळ्ळीच्या परिसरातील कुटुंबांनी तो इंग्रजीत किंवा हिंदीत पाहिला, काहींनी तमिळ-तेलुगूत. कन्नडमध्ये तो नव्हता. कन्नड चित्रसृष्टीचा भाषांतरित ध्वनिमुद्रणाला अनेक दशके विरोध होता. मराठीतही नव्हता. म्हणजे वैनगंगेची भाषा नाही आणि काबिनीचीही नाही. हिंदीत शेरखानाचा आवाज नाना पाटेकरांचा होता, आणि १९९३ मध्ये दूरदर्शनवर जपानी 'जंगल बुक' मालिका लागत असे तेव्हाही तो त्यांचाच होता. मराठी आईबापांच्या कानांना तेवढाच दिलासा.

२६ फेब्रुवारी २०१७ रोजी ऑस्कर समारंभात दृश्यपरिणामांचा पुरस्कार या चित्रपटास मिळाला. लेगाटो, वाल्डेझ, जोन्स आणि लेमन या चौघांची नावे पुकारली गेली. ते योग्यच झाले. पण १९६७ मध्ये ज्या प्रश्नाला उत्तर होते ते आता नाही: शेरखानाची मान कोणी वळविली? एकाच प्राण्यावर इतके हात फिरलेले असतात, की त्यांची नावे शेवटी मुंगीएवढ्या अक्षरांत, रकान्यामागून रकाने, वर सरकत जातात, आणि तोवर चित्रगृहातील दिवे लागून लोक गाडी काढण्याच्या घाईत असतात. रेषा जितकी खऱ्यासारखी दिसू लागली, तितका रेषा काढणारा दिसेनासा झाला. हे काम उत्तम झाल्याची खूणच अशी, की ते झाल्याचे कळू नये.

आता टेक्निकलरविषयी. या कंपनीच्या रंगप्रक्रियेने १९४२ चा साबूचा मोगली रंगला, आणि १९६७ चा डिस्नेचाही. आपल्याकडे सोहराब मोदींची १९५३ ची 'झाँसी की रानी' याच प्रक्रियेने रंगीत झाली. रासायनिक रंगांचे दिवस सरले, कंपनी हातोहात फिरली, पण नाव टिकले. आणि २०१६ मध्ये एमपीसीची मालकी याच नावाच्या समूहाकडे होती. म्हणजे मोगलीच्या तिन्ही मोठ्या चित्रावतारांवर एकाच नावाची मोहोर आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो समूह कोसळला. कर्जाचा भार, हॉलिवुडमधील संपानंतर आटलेली कामे, कमी दराची स्पर्धा ही कारणे सांगितली गेली. लंडनमध्ये एमपीसी प्रशासकांच्या हाती गेली आणि भारतातील कामही थांबले. बेंगळुरू व मुंबई मिळून सुमारे तीन हजार माणसांची नोकरी गेली. दोनच महिन्यांपूर्वी, डिसेंबर २०२४ मध्ये, एमपीसीनेच घडविलेला 'मुफासा' चित्रगृहांत लागला होता. मार्च २०२५ मध्ये 'स्नो व्हाइट'ची नवी आवृत्ती आली, तिच्यातही एमपीसीचे काम होते. म्हणजे चित्रपट पडद्यावर आला तेव्हा तो घडविणारी कार्यशाळा बंद पडलेली होती. ही पहिलीच वेळ नव्हे. 'लाइफ ऑफ पाय'मधील वाघ घडविणाऱ्या ऱ्हिदम अँड ह्यूज या कंपनीनेही, जिची शाखा मुंबईत होती, फेब्रुवारी २०१३ मध्ये दिवाळे काढले, आणि त्याच महिन्यात त्या वाघाने ऑस्कर मिळविले. चित्रातल्या वाघांना त्यांचे कारागीर लाभत नाहीत, असे म्हणावे लागते.

कारखाना बंद पडला तर गिरणी कामगाराच्या घरी निदान मागाचा एखादा धोटा तरी उरतो. येथे तेही नाही. गुप्ततेच्या करारामुळे एकही चित्र घरी नेता येत नसे. घरी सांगताही येत नसे, की आज दिवसभर कोणत्या लांडग्याचा कोणता कान आपण हलविला. जे काढले ते कंपनीच्या संगणकात, आणि त्याची मालकी दूर कोठेतरी. डिस्नेची जुनी रेखाटने संग्रहालयात आहेत. बेंगळुरूच्या या दहा-बारा वर्षांचे काय उरणार? उरले आहे ते फक्त त्या मुलामुलींच्या स्मरणात, आणि ती आता पांगली आहेत: कोणी दुसऱ्या कार्यशाळांत, कोणी परदेशी, कोणी पुणे-नागपूर-सोलापूरला घरी परत, कोणी हा धंदाच सोडून.

आमच्या वाचकांच्या घरांत असे कोणी ना कोणी नक्कीच असेल. त्यांस आमची विनंती आहे, की करारात बसेल तेवढे, साध्या भाषेत, कागदावर लिहून ठेवावे. कोणत्या चित्रपटाचे कोणते दृश्य, त्यात आपल्या हातचे काय, किती रात्री लागल्या, शेजारच्या खुर्चीवर कोण बसत असे. मराठीत लिहावे, कन्नडमध्ये लिहिले तरी चालेल. त्याचा अनुवाद आम्ही करून घेऊ. फार लांब नसावे. दोन पाने पुरेत.